जावा कुठून घ्यावी, कशी बसवावी?

प्रोग्रामिंग शिकणारे विद्यार्थी, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे चालक, कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचे सहायक आणि टीडीएसची विवरणपत्रे भरणारे करसल्लागार या सगळ्यांकडून जावाबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ‘जावाला आता पैसे पडतात म्हणे, खरे का?’ ‘जेडीके शोधले तर आठ-दहा नावे समोर येतात, त्यातले खरे कोणते?’ ‘नवीन जावा इन्स्टॉल केली, पण संगणक अजून जुनीच दाखवतो. आता काय करू?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. जावा फुकट आहे. घरी, कॉलेजात आणि धंद्यातही ती कायदेशीररीत्या विनामूल्य वापरता येते. फक्त ती कोणाकडून घेता, याकडे लक्ष द्यायला हवे. ‘ओपनजेडीके’ या मुक्त स्रोत प्रकल्पातून तयार झालेली बिल्ड घेतलीत, तर ना शुल्क भरावे लागते, ना पुढे कोणी परवाना विचारत येतो.

एक सूचना: या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करा. आडवी रेघ आणि टिंब जिथे दिले आहे तिथेच ठेवा.

घाईत असाल तर एवढेच करा

1. काम नवीन असेल तर जावा २१ किंवा २५ ही दीर्घकालीन (अनेक वर्षे अपडेट मिळणारी) आवृत्ती ठरवा.
2. इक्लिप्स टेमुरिन ही बिल्ड घ्या.
3. विंडोजवर विंगेट, मॅकवर होमब्रू आणि लिनक्सवर त्या त्या वितरणाचा पॅकेज मॅनेजर वापरून बसवा.
4. नवीन टर्मिनल उघडून ‘जावा -व्हर्शन’ ही कमांड द्या आणि उत्तर वाचा.

बहुतेकांचे काम इथेच होईल. ज्यांचे अडेल किंवा ज्यांना कंपनीसाठी निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी पुढचे वाचावे.

पैशांचा गोंधळ कुठून आला?

सन मायक्रोसिस्टिम्सने जावा १९९५ मध्ये लोकांसमोर आणली. नोव्हेंबर २००६ मध्ये सनने तिचा स्रोत खुला करण्याची घोषणा केली आणि २००७ मध्ये ओपनजेडीके प्रकल्प उभा राहिला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. तेव्हापासून ओरॅकल स्वतःचे ‘ओरॅकल जेडीके’ वेगळ्या परवान्याखाली देते, आणि ओपनजेडीकेच्या विकासातही तिचा मोठा वाटा आहे. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीशी जोडलेल्या असल्याने लोकांची गफलत होते.

एप्रिल २०१९ मध्ये ओरॅकलने जावा ८ च्या नव्या अपडेटचा परवाना बदलला. वैयक्तिक वापर, शिकणे, विकसन आणि चाचणी यांसाठी ती विनामूल्य राहिली, पण धंद्यात चालवायची तर वर्गणी लागू झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये जावा १७ आली, तेव्हा ओरॅकलने पुन्हा विनामूल्य वापराची सवलत दिली. तिला मुदत मात्र घातली. पुढची दीर्घकालीन आवृत्ती आल्यावर आणखी एक वर्षच ही सवलत चालते. जावा १७ साठी ती सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. जावा २१ साठी ती सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. त्यानंतरच्या अपडेटना वेगळा परवाना लागतो.

जानेवारी २०२३ पासून ओरॅकलची वर्गणी कर्मचारीसंख्येवर आकारली जाते. जावा एकाच सर्व्हरवर चालत असली, तरी मोजणी सगळ्या कर्मचाऱ्यांची होते आणि त्यात अर्धवेळ व कंत्राटी माणसेही धरली जातात. साठ-सत्तर माणसांच्या कंपनीला हा खर्च जड जातो. म्हणून धंद्यासाठी जावा वापरणाऱ्यांनी डाउनलोडच्या बटणाआधी परवाना वाचावा.

यातले काहीही ओपनजेडीकेला लागू होत नाही.

बिल्ड अनेक, स्रोत एकच

ओपनजेडीके प्रकल्प मुख्यतः स्रोत देतो. तो स्रोत संकलित करून, तपासून, इन्स्टॉलरसह लोकांना देण्याचे काम वेगवेगळ्या संस्था व कंपन्या करतात. एकाच पोत्यातले गहू वेगवेगळ्या गिरण्यांत दळावे, तसा हा प्रकार आहे. तुमचा प्रोग्राम यातल्या एका बिल्डवर चालतो, तर दुसऱ्या बिल्डच्या त्याच आवृत्तीवरही चालेल अशीच अपेक्षा धरावी. फरक असतो तो इन्स्टॉलर, अपडेटची मुदत, सोबतच्या जादा गोष्टी आणि विकत मिळणारे साहाय्य यांत.

नेहमी भेटणारी नावे अशी:

- इक्लिप्स टेमुरिन. इक्लिप्स फाउंडेशनच्या अ‍ॅडॉप्टियम गटाची बिल्ड. पूर्वी हाच प्रकल्प ‘अ‍ॅडॉप्टओपनजेडीके’ नावाने ओळखला जाई. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नाही आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळते. काय घ्यावे सुचत नसेल तर ही घ्या.
- अ‍ॅमेझॉन कोरेटो. सर्व्हर अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर असेल तर सोयीची. इतरत्रही तितकीच विनामूल्य.
- मायक्रोसॉफ्टची ओपनजेडीके बिल्ड. अझ्युअर वापरणाऱ्यांना जवळची. एआरएम प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपसाठीही मिळते.
- अझुल झुलू आणि बेलसॉफ्ट लिबेरिका. दोन्हींचा आवृत्त्यांचा पसारा मोठा आहे. जावाएफएक्ससह असलेली बिल्ड हवी असेल तर इथे पाहा.
- रेड हॅटची बिल्ड. रेड हॅट लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांना तिच्या पॅकेजमधूनच मिळते.
- सॅपमशीन आणि आयबीएम सेमेरू. सॅप किंवा आयबीएमची उत्पादने वापरणाऱ्यांसाठी. सेमेरूमध्ये नेहमीच्या हॉटस्पॉटऐवजी ओपनजे९ हे आभासी यंत्र असते, त्यामुळे हॉटस्पॉटसाठी लिहिलेली काही सेटिंग्ज तिथे चालत नाहीत.

ओरॅकल स्वतःही मुक्त परवान्याखाली ओपनजेडीकेची बिल्ड वेगळ्या संकेतस्थळावर ठेवते. तिला अपडेट साधारण सहा महिनेच मिळतात. नवीन आवृत्ती चाखून पाहायला ती ठीक आहे, रोजच्या कामासाठी नको.

निवडताना तीनच प्रश्न विचारा. तुमच्या संगणकासाठी इन्स्टॉलर मिळतो का? सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार आहेत? पुढे विकत साहाय्य लागले तर ते कोण देईल? विद्यार्थ्यांना तिसऱ्या प्रश्नाची गरज नाही.

आवृत्ती कोणती घ्यावी?

जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. त्यातल्या ठरावीक आवृत्त्यांनाच अनेक वर्षे अपडेट मिळतात. त्यांना एलटीएस म्हणजे दीर्घकालीन आवृत्ती म्हणतात. आजवरच्या दीर्घकालीन आवृत्त्या ८, ११, १७, २१ आणि २५. जावा २५ सप्टेंबर २०२५ मध्ये आली.

- नव्याने शिकत असाल तर २१ किंवा २५.
- विद्यापीठाचा अभ्यासक्रम जुना असेल तरीही नवी आवृत्ती घ्या. मूलभूत प्रोग्राम तिच्यावर चालतात. अपवाद अ‍ॅपलेटचा. ब्राउझरमध्ये अ‍ॅपलेट चालवणारा प्लगइन जावा ११ पासून नाही. प्रात्यक्षिकात अ‍ॅपलेट असेलच तर त्यापुरती जावा ८ वेगळी ठेवा.
- कंपनीचा जुना प्रकल्प असेल तर प्रकल्प ज्या आवृत्तीवर चाचणी करून चालतो, तीच ठेवा. वर जायचे तर चाचणी करूनच जा.
- विशिष्ट सरकारी साधन चालवायचे असेल तर त्या साधनाबरोबरची सूचनापुस्तिका आधी वाचा. टीडीएस विवरणपत्र तयार करण्याचे आरपीयू आणि ते तपासण्याचे एफव्हीयू ही दोन्ही साधने जावावर चालतात. पुस्तिकेत जी आवृत्ती सांगितली आहे तीच बसवा. सगळ्यात नवी घेतली म्हणजे ती चालेलच असे नाही.
- फक्त अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचे असेल तर अँड्रॉइड स्टुडिओसोबत जावा येते. वेगळी बसवायची घाई करू नका.
- शाळेत ब्लूजे वापरत असाल तर त्याच्या इन्स्टॉलरमध्येही जेडीके असते.

जेडीके घ्यावे की जेआरई? प्रोग्राम लिहायचे असतील तर जेडीके. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम फक्त चालवायचा असेल तर जेआरई पुरते. जागेची अडचण नसेल तर सरळ जेडीके घ्या, कारण त्यात दोन्ही येते.

विंडोजवर

सोपी वाट विंगेटची. विंडोज ११ मध्ये आणि विंडोज १० च्या अलीकडच्या संगणकांत ते आधीपासून असते.

1. स्टार्ट मेनूतून टर्मिनल उघडा.
2. ‘विंगेट सर्च टेमुरिन’ ही कमांड द्या. उपलब्ध आवृत्त्यांची यादी येईल.
3. हव्या त्या आवृत्तीच्या ओळीतले ओळखनाव कॉपी करा. शेवटी जेडीके असलेले निवडा.
4. ‘विंगेट इन्स्टॉल’ लिहून पुढे ते नाव पेस्ट करा.

या वाटेचा खरा फायदा पुढे कळतो. ‘विंगेट अपग्रेड’ दिले की कोणकोणत्या प्रोग्रामची अपडेट आली आहे ते दिसते आणि जावाही तिथूनच अद्ययावत करता येते.

कमांडची भीती वाटत असेल तर अ‍ॅडॉप्टियमच्या अधिकृत संकेतस्थळावरून एमएसआय फाइल उतरवून घ्या. ती चालवताना मधल्या एका पानावर पर्याय दिसतात. बहुतेक लोक ते पान न वाचता पुढे जातात आणि नंतर अडतात. तिथे दोन गोष्टी पाहा:

- पाथमध्ये, म्हणजे संगणक कमांड शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, भर घालणे. हा पर्याय आधीच चालू असतो, तसाच ठेवा.
- जावा_होम ठरवणे. हा पर्याय सहसा बंद असतो, तो चालू करा. मेव्हन, ग्रेडल, टॉमकॅट अशा साधनांना तो लागतो.

कॉलेज किंवा ऑफिसच्या संगणकावर अ‍ॅडमिनचे अधिकार नसतील तर झिप फाइल घ्या. ती स्वतःच्या फोल्डरमध्ये उघडा. मग सेटिंग्जमध्ये ‘माझ्या खात्याचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ या अर्थाचा पर्याय शोधून तिथे जावा_होम आणि पाथ भरा. संपूर्ण संगणकाला हात न लावता तुमचे काम होईल. संस्थेचा नियम आड येत नाही ना, एवढे मात्र विचारून घ्या.

मॅकवर

होमब्रू असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल --कास्क टेमुरिन’ एवढे पुरते. विशिष्ट आवृत्ती हवी असेल तर नावापुढे ॲटचे चिन्ह लावून अंक द्या, जसे ‘टेमुरिन@२१’.

होमब्रूमध्येच ‘ओपनजेडीके’ नावाचे दुसरे पॅकेजही आहे. ते बसवल्यावर मॅकला आपोआप दिसत नाही. इन्स्टॉल झाल्यावर शेवटी टर्मिनलवर जोडणीची एक ओळ छापलेली येते, ती चालवावी लागते. हा खटाटोप नको असेल तर कास्कचीच वाट धरा.

होमब्रू नसेल तर संकेतस्थळावरून पीकेजी फाइल घ्या. एम१ किंवा त्यानंतरच्या अ‍ॅपल प्रोसेसरसाठी ‘एआर्च६४’ आणि जुन्या इंटेल मॅकसाठी ‘एक्स६४’ निवडा. अ‍ॅपल प्रोसेसरवर इंटेलची बिल्ड टाकली तर ती भाषांतराच्या थरातून चालते आणि मंदावते.

लिनक्सवर

उबंटू, डेबियन, मिंट यांवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल डीफॉल्ट-जेडीके’ ही कमांड त्या वितरणाने ठरवलेली आवृत्ती बसवते. आवृत्ती स्वतः निवडायची तर ‘ओपनजेडीके-२१-जेडीके’ असे नाव द्या. सीडॅकने विकसित केलेली बॉस लिनक्सही डेबियनवरच आधारलेली आहे, तेव्हा पद्धत तीच. तुमच्या वितरणात कोणत्या आवृत्त्या आहेत हे ‘एपीटी सर्च ओपनजेडीके’ देऊन पाहता येते.

रेड हॅट कुटुंबातल्या लिनक्सवर ‘डीएनएफ’ वापरतात. ‘जावा-२१-ओपनजेडीके’ हे पॅकेज फक्त चालवण्यापुरते असते. प्रोग्राम लिहायचे असतील तर नावाच्या शेवटी ‘-डेव्हेल’ लागते. ‘जावा चालते पण जावासी (प्रोग्राम संकलित करणारी कमांड) सापडत नाही’ ही तक्रार बहुधा यातूनच येते.

एकाहून अधिक आवृत्त्या असतील तर डेबियन कुटुंबात ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग जावा’ ही कमांड द्या. समोर आलेल्या यादीतला क्रमांक निवडला की ती आवृत्ती मुख्य होते. ‘जावासी’साठीही हेच वेगळे करावे लागते.

लिनक्स वितरणाने दिलेली ओपनजेडीके ही वर सांगितलेल्या बिल्डपेक्षा कमी प्रतीची नसते. टेमुरिनच हवी असा हट्ट नसेल तर तीच घ्या. व्यवस्थेच्या नेहमीच्या अपडेटबरोबर ती आपोआप ताजी राहते.

अनेक आवृत्त्या लागत असतील तर एसडीकेमॅन

एका प्रकल्पाला जावा ८, दुसऱ्याला १७, तिसऱ्याला २१ अशी वेळ नोकरी करणाऱ्यांवर नेहमी येते. त्यांच्यासाठी एसडीकेमॅन हे विनामूल्य साधन आहे. मॅक आणि लिनक्सवर ते सरळ चालते. विंडोजवर डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश लागते. बसवण्याची एका ओळीची कमांड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर असते, तिथूनच कॉपी करा.

- ‘एसडीके लिस्ट जावा’ दिले की सगळ्या बिल्डची यादी येते. शेवटच्या स्तंभातल्या ओळखनावाला बिल्डची खूण जोडलेली असते, जसे टेमुरिनला ‘-टेम’.
- ‘एसडीके इन्स्टॉल जावा’ आणि पुढे ते ओळखनाव दिले की ती बिल्ड बसते.
- ‘एसडीके यूज जावा’ आणि पुढे ओळखनाव दिल्यास त्या टर्मिनलपुरती आवृत्ती बदलते.
- ‘एसडीके डीफॉल्ट जावा’ आणि पुढे ओळखनाव दिल्यास कायमची बदलते.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘एसडीके एन्व्ह इनिट’ दिले तर आवृत्तीची नोंद ठेवणारी छोटी फाइल तयार होते. ती बाकीच्या कोडबरोबर जपली, तर संघात नव्याने आलेल्या माणसाला ‘कोणती जावा बसवू?’ हे विचारावे लागत नाही. यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकारही लागत नाहीत.

एडिटरमधून

इंटेलिजे आयडियामध्ये प्रोजेक्ट स्ट्रक्चरमध्ये जाऊन एसडीके निवडताना जेडीके डाउनलोड करण्याचा पर्याय मिळतो. तिथे बिल्ड आणि आवृत्ती दोन्ही निवडता येतात. व्हीएस कोडमध्ये जावाचा एक्स्टेन्शन पॅक घेतला की कमांड पॅलेटमधून नवे जेडीके बसवता येते.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंटेलिजेने उतरवलेले जेडीके त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहते. पाथमध्ये ते जात नाही. एडिटरमध्ये प्रोग्राम चालला आणि टर्मिनलमध्ये ‘जावा सापडत नाही’ असे आले, तर बिघाड काही नाही. टर्मिनलसाठी वेगळी जावा बसवा.

बसली की नाही, कशी तपासाल?

आधीचे टर्मिनल बंद करून नवे उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ माहीत नसतो. मग दोन कमांड द्या: ‘जावा -व्हर्शन’ आणि ‘जावासी -व्हर्शन’. दोन्हींत तोच अंक दिसला पाहिजे.

‘जावा -व्हर्शन’च्या उत्तराची दुसरी ओळ नीट वाचा. तिथे ‘ओपनजेडीके रनटाइम एन्व्हायर्नमेंट’ असेल तर तुमच्याकडे मुक्त बिल्ड आहे, आणि बहुधा पुढे टेमुरिन, कोरेटो असे नावही असते. ‘जावा’ या शब्दापुढे कंसात ट्रेडमार्कची टीएम ही अक्षरे आणि मग ‘एसई रनटाइम एन्व्हायर्नमेंट’ असे असेल, तर ती ओरॅकलची आहे. कंपनीतल्या संगणकांची तपासणी करताना ही एक ओळ फार उपयोगी पडते.

फाइल हाताने उतरवून घेतली असेल तर तिची एसएचए-२५६ बेरीजही पडताळा. विंडोजवर ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ आणि मॅकवर ‘शासम -ए २५६’ या कमांडपुढे फाइलचे नाव द्या. विंडोजवर नावानंतर शेवटी ‘एसएचए२५६’ असेही लिहा. आलेले उत्तर संकेतस्थळावरच्या अक्षरांशी जुळले पाहिजे. पेन ड्राइव्हवरून किंवा मित्राकडून आलेल्या फाइलसाठी ही पडताळणी टाळू नका.

नेहमीच्या अडचणी आणि त्यांचे उपाय

- नवी बसवली तरी जुनीच दिसते. पाथमध्ये जुन्या जावाचे फोल्डर आधी आहे. विंडोजवर ‘व्हेअर.ईएक्सई जावा’, मॅक-लिनक्सवर ‘विच -ए जावा’ द्या. सर्वांत वरची ओळ जिंकते. विंडोजवर तिथे ओरॅकलचे ‘जावापाथ’ नावाचे फोल्डर दिसले, तर जुनी ओरॅकल जावा काढून टाका किंवा पाथमध्ये नवे फोल्डर वर सरकवा.
- मेव्हन म्हणते जावा_होम चुकले आहे. जावा_होममध्ये जेडीकेचे मुख्य फोल्डर द्यायचे असते. त्यातल्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता फक्त पाथसाठी असतो. ही चूक फार सर्रास होते.
- ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्शन’ अशी त्रुटी येते. प्रोग्राम नव्या जावावर संकलित झाला आहे आणि तुम्ही जुन्यावर चालवत आहात. त्रुटीत दिलेल्या दोन अंकांपैकी मोठ्या अंकातून ४४ वजा करा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१ आणि ६९ म्हणजे २५. तेवढी किंवा त्यापुढची आवृत्ती बसवा.
- जावाएफएक्स सापडत नाही. जावा ११ पासून ते वेगळे झाले आहे. ते स्वतंत्र जोडा किंवा लिबेरिकाची ‘फुल’ अथवा झुलूची ‘एफएक्स’ बिल्ड घ्या.
- मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. जावा १८ पासून यूटीएफ-८ हीच मूळ संकेतप्रणाली झाली. त्याआधीच्या जावा विंडोजच्या जुन्या संकेतप्रणालीने फाइल वाचतात आणि देवनागरीची वाट लागते. संकलनाच्या वेळी ‘-एन्कोडिंग यूटीएफ-८’ आणि चालवताना ‘-डीफाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८’ द्या. इथले पहिले ‘डी’ मोठ्या लिपीतले असते.
- सर्व्हरवर मराठी पीडीएफमध्ये चौकोन दिसतात. लिनक्स सर्व्हरवर किंवा डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये देवनागरी फाँट नसतात. ‘फाँटकॉन्फिग’ आणि नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट बसवा.
- जुना ३२-बिट संगणक आहे. जावा २४ पासून विंडोजची ३२-बिट शाखा मूळ प्रकल्पातूनच काढली आहे. अशा संगणकासाठी जुन्या दीर्घकालीन आवृत्तीची ३२-बिट बिल्ड शोधावी लागेल.
- डॉकरमध्ये ‘ओपनजेडीके’ नावाची इमेज वापरता? ती अधिकृत इमेज २०२२ मध्येच कालबाह्य ठरवली गेली. ‘इक्लिप्स-टेमुरिन’ किंवा तुमच्या पसंतीच्या बिल्डची इमेज घ्या.

कंपनी आणि कॉलेजसाठी

ओरॅकल जावावरून ओपनजेडीकेकडे यायचे असेल तर हा क्रम ठेवा:

1. सगळ्या संगणकांवर व सर्व्हरवर कोणती जावा आहे याची यादी करा. दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली जावाही त्यात धरा. ती त्या विक्रेत्याच्या परवान्याखाली असू शकते, म्हणून त्याला विचारल्याशिवाय बदलू नका.
2. त्याच मोठ्या आवृत्तीची ओपनजेडीके बिल्ड घ्या. परवाना आणि आवृत्ती या दोन्ही उड्या एकदम मारू नका.
3. जुन्या जेडीकेच्या ‘कासर्ट्स’ फाइलमध्ये बँकेची किंवा अंतर्गत सर्व्हरची प्रमाणपत्रे घातलेली असतील तर ती नव्यात आणा. हे विसरले की इन्स्टॉल नीट होते, पण जोडणी तुटते.
4. चाचणी सर्व्हरवर काही दिवस चालवा, मगच मुख्य सर्व्हर बदला.
5. जुनी जावा पूर्ण काढून टाका. नुसती पडून राहिली तर कोणीतरी चुकून तीच चालवतो.

प्रयोगशाळेत सर्व संगणकांवर एकच बिल्ड आणि एकच आवृत्ती ठेवा. शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या संगणकावर वेगळी जावा असली की तासातला निम्मा वेळ त्रुटी सोडवण्यात जातो.

तुमचे हक्क

ओपनजेडीके ‘जीपीएल, दुसरी आवृत्ती’ या परवान्याखाली आहे, सोबत ‘क्लासपाथ अपवाद’ आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा:

- तुम्ही ती कितीही संगणकांवर, कोणत्याही कामासाठी, पैसे न देता वापरू शकता.
- इन्स्टॉलरची प्रत इतरांना देऊ शकता. गावाकडे इंटरनेट मंद असेल तर पेन ड्राइव्हवर नेणे पूर्ण कायदेशीर आहे.
- तिच्यावर लिहिलेला तुमचा प्रोग्राम विकू शकता. क्लासपाथ अपवादामुळे तुमचा कोड खुला करण्याची सक्ती होत नाही.
- तुमच्या उत्पादनाबरोबर जेडीके वाटत असाल तर त्यातले ‘लीगल’ फोल्डर काढू नका आणि स्रोत उपलब्ध असण्याच्या अटी पाळा.
- जेडीकेतच बदल करून ते वाटलेत, तर ते बदल त्याच परवान्याखाली द्यावे लागतात.
- विकत साहाय्य घेणे ऐच्छिक आहे. न घेतल्याने सुरक्षा अपडेट थांबत नाहीत.

‘जावा’ हे नाव ओरॅकलचा ट्रेडमार्क आहे. तुमच्या उत्पादनाचे नाव ठरवताना तेवढे जपा.

बसवून विसरू नका

जावाची सुरक्षा अपडेट दरवर्षी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत येतात. मोठी आवृत्ती तीच राहते, शेवटचे अंक बदलतात. या अपडेट चाचणी करून पण वेळेवर घ्या. वर्षानुवर्षे न बदललेली जावा ज्ञात फटींसह चालत राहते, आणि विवरणपत्रे किंवा ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्या संगणकावर हे परवडणारे नाही. पॅकेज मॅनेजरचा आग्रह मी याचसाठी धरतो. हाताने उतरवलेली फाइल कोणी स्वतःहून अपडेट करत नाही, पॅकेज मॅनेजर ते एका कमांडमध्ये करतो.

बिल्डच्या नावांवर फार वेळ घालवू नका. नावाजलेल्या कोणत्याही संस्थेची बिल्ड चालेल. ती अधिकृत ठिकाणाहून घ्या, दीर्घकालीन आवृत्तीच घ्या, ‘जावा -व्हर्शन’चे उत्तर वाचा आणि वर्षातून चारदा अपडेट करा. आज आपल्या संगणकावर ही कमांड एकदा देऊन पाहा. उत्तरात ओरॅकलची जावा दिसली आणि संगणक धंद्यासाठी वापरात असेल, तर परवाना तपासण्याचे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.